घरकुलाचा दुसरा हप्ता अडकला

प्रश्न : प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ताही मिळाला. पाया बांधून झाला, पण पुढचे पैसे येत नाहीत. एकूण मिळतात तरी किती?

उत्तर : सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. शौचालयाचे 12 हजार वेगळे, पूर्वी घेतले नसतील तरच.

हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर सुटतो. जोत्याचा (पायावरच्या चौथऱ्याचा) फोटो मंजूर जागेवरूनच जिओटॅग झालेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला हवा. मंजुरी एका जागेची आणि पाया दुसरीकडे, असं झालं की प्रकरण तिथंच थांबतं. फोटो बरोबर असेल तर बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना, ते पाहा. बंद खात्यातून पैसे परत जातात.

आणि मजुरी सोडू नका! रोजगार हमीतून साधारण 90 दिवसांची अकुशल मजुरी घरकुलासाठी मिळते. मात्र हजेरीपट (मजुरांच्या हजेरीची सरकारी यादी) निघण्याआधी केलेल्या कामाचे दिवस धरत नाहीत. म्हणून रोजगार हमीचं जॉबकार्ड घेऊन आजच गावातल्या ग्रामरोजगार सेवकाकडे कामाची मागणी नोंदवा; भिंतींचं काम हजेरीपट निघाल्यावरच सुरू करा.