टेलिग्रामवर फुकट मिळणारा इंटरनॅशनल प्रीमियम नंबर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्यात बसून तुम्ही पत्रिका पाहता, गिऱ्हाईक बरंचसं इंग्लंडमधलं स्विंडन, लिस्बन आणि आखातातलं. बोललेल्या मिनिटांचे पैसे त्यांच्या फोनच्या बिलातूनच कापले जावेत असा नंबर हवाय. टेलिग्रामवर एकजण तो फुकट देतोय, वर मिनिटामागे पैसेही देईन म्हणतोय.

घेऊ नका. मी आधी एका टेलिकॉम कंपनीत परदेशी कॉल्सच्या हिशेबाचं काम करायचो, आता म्हापशात राहून हॉटेलांचे ईपीएबीएक्स, म्हणजे खोल्याखोल्यांचे फोन जोडणारी एक्स्चेंज मशीनं, सांभाळतो. त्यामुळे हा व्यवहार दोन्ही टोकांनी पाहिलाय.

अधिकृत नंबर आहे, नाही असं नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, +९७९ हा कोड यासाठीच राखून ठेवलाय. तो कुठल्याच देशाचा नाही. त्यापुढे नऊ आकडे येतात: पहिल्यावरून दर कळतो, उरलेले आठ सेवा देणाऱ्याचे. टोल फ्रीसाठीचा +८०० हा त्याचाच भाऊ. अर्ज तुम्ही थेट करायचा नसतो. तुम्ही एखाद्या मान्यताप्राप्त ऑपरेटरकडे जायचं, त्याने आयटीयूकडे नोंदणी मागायची, तो आकडा दुसऱ्या कुणाकडे गेलेला नसेल तर तुमच्या नावे लागतो. मालकी मात्र मिळत नाही, मिळतो तो वापरायचा हक्क.

घोडं पेंड खातं ते यापुढे. नंबर नोंदला म्हणून तो लागेलच असं नाही. स्विंडनमधल्या तुमच्या गिऱ्हाइकाच्या कंपनीने आधी आपल्या नेटवर्कवर +९७९ उघडायला हवा, त्याला दर लावायला हवा, महिनाअखेर तो वसूल करायला हवा आणि आपला वाटा ठेवून बाकीचे पैसे पुढे धाडायला हवेत. शिवाय ग्राहक उद्या म्हणाला, "हा कॉल मी केलाच नाही, मी पैसे भरणार नाही," तर तोटा कुणी सोसायचा? यावर आधी करार हवा, तोही देशोदेशीच्या प्रत्येक कंपनीशी. एवढा खटाटोप करायला फारसं कुणी तयार झालं नाही, म्हणून +९७९ कागदावर आहे आणि बहुतेक फोनवरून लागत नाही. अमेरिकेतले ९०० चे आणि ब्रिटनमधले ०९ चे प्रीमियम नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, त्याचंही मूळ हेच. जादा दराची वसुली देशाबाहेरून करून देणार कोण?

मग हा टेलिग्रामवाला विकतोय काय? त्याने पाठवलेली यादी उघडा. रकाने साधारण असे असतील: देश, सुरुवातीचे आकडे, मिनिटामागे किती सेंट, पैसे आठवड्याने की महिन्याने, आणि शेवटी टेस्ट नंबर. त्यात +९७९ शोधा. सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. दिसतील ते छोटी बेटं, आफ्रिकेतले काही देश, बाल्टिककडचे एकदोन, यांचे साधे देशी कोड. तिथे कॉल लावायचा दर मुळातच चढा असतो. कॉल करणाऱ्याची कंपनी तो दर मधल्या कॅरियरला, म्हणजे कॉल पुढे पोचवणाऱ्या कंपनीला, देते, तो पुढच्याला. ज्याच्या ताब्यात ती रेंज, म्हणजे त्या आकड्यांनी सुरू होणाऱ्या नंबरांचा गट, असते तो त्यातला हिस्सा टेलिग्रामवाल्याला देतो आणि उरलंसुरलं तुम्हाला मिळतं. कित्येकदा कॉल त्या देशात पोचतही नाही, मधलाच कुणीतरी उचलून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवत बसतो.

खेळ नवा नाही. १९९० च्या दशकात पॅसिफिकमधल्या तुवालूचा +६८८ आणि नियूएचा +६८३ अश्लील गप्पांच्या सेवांसाठी असेच वापरले गेले. नियूए म्हणजे जेमतेम दोन हजार वस्तीचं बेट. चुकून भलतीकडे लागलेले फोन तिथल्या लोकांना अपरात्री झोपेतून उठवायचे.

आता बघा, अशा रेंजवर प्रामाणिक माणूस आपणहून कॉल कशाला करेल? म्हणून कॉल आणायला वाकडे मार्ग लागतात. एक तुम्हाला माहीत असेल: एक रिंग द्यायची आणि कट करायचा. गोव्यात हे झकास चालतं, कारण घरटी कुणीतरी आखातात नाहीतर तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला. स्क्रीनवर अनोळखी कोड दिसला की 'आमचा झिलगो कुठल्या बंदरात उतरला असेल' म्हणून आई परत फोन लावतेच.

दुसरा मार्ग ईपीएबीएक्स फोडायचा. कळंगुटच्या पट्ट्यातल्या एका हॉटेलाचं बिल मला दाखवायला आणलं होतं. ऐन पावसाळा, शनिवारची रात्र, दीडनंतर एकाच रेंजवर कॉल, एक संपतोय तोच दुसरा, आणि सगळे बंद ठेवलेल्या विंगमधल्या एक्स्टेंशनवरून. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, त्या खोलीत गादीसुद्धा नाही!" व्हॉइसमेलचा पासवर्ड मशीन बसवलं तेव्हापासून १२३४ होता. बाहेरून कुणीतरी त्यात शिरून कॉल पुढे वळवत होता. कॉल हॉटेलच्या लाइनवरून गेले, म्हणून बिल हॉटेललाच भरावं लागलं.

ते कॉल ज्या रेंजवर गेले, तसल्याच रेंजमधला एक नंबर तुम्हाला देऊ करताहेत. खोटे कॉल लक्षात आले की कॅरियर अख्ख्या रेंजचं पेमेंट अडकवतो आणि तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकांची मिनिटंही त्यात बुडतात. टेलिग्रामवाला खातं डिलीट करून मोकळा. चौकशी आलीच तर पैसे ज्याच्या बँक खात्यात उतरले त्याच्या दारात येते, आणि पासबुकवर नाव तुमचं.

तुमचं काम त्याहून साध्या रीतीने होईल. परदेशी कार्डं घेणारा पेमेंट गेटवे लावा, अर्ध्या तासाचे पैसे आधी घ्या आणि वेळ ठरवून बोला. स्विंडन-लिस्बनवाल्यांशी व्हॉट्सॲपवर बोलता येईल. दुबईत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही, तिथल्यांना आयएसडी पॅक घेऊन तुम्हीच फोन करा, पॅकचा खर्च फीत धरा. परदेशातून येणाऱ्या फीचं कराचं काय ते सीएला विचारा.

आणि तो टेस्ट नंबर घरच्या फोनवरून लावून बघू नका, त्याचंही मीटर पळतं. तुमच्या ०८३२ च्या लँडलाइनवर आयएसडीची गरज नसेल तर ती सोय बंद करून घ्या. आधार, पासबुकाचे फोटो त्याला पाठवून झाले असतील तर बँकेला आजच कळवा, खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.