"मॅडम, पिंपल्सचं काही होतं का?"

मी समुपदेशक. आमच्या लातुरात क्लासेस सुरू झाले की दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे पोरांची रांग लागते. झोप येत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, घरची आठवण येते, असं सगळं सांगून होतं आणि मग उठता उठता, चप्पल घालताना हळूच विचारतात, "मॅडम, पिंपल्सचं काही होतं का?" खरं तर आलेले असतात त्याच्यासाठीच. इतक्या जणांना तेच तेच सांगितलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. खालची पोरगी खरी आहे, फक्त ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, दुसऱ्यांदा देणारी, हॉस्टेलवर राहणारी. फॅनखाली बसली तरी तोंडाचा स्कार्फ काढेना. सोबत आई. "अंगात लई उष्णता हाय हिच्या," आईनं निदान करूनच टाकलं.

"काय काय लावलंस आतापर्यंत?"

"लिंबू, टूथपेस्ट, बेसन-हळद... मग मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. चार दिवसात चेहरा एकदम ग्लो मॅडम. बंद केली की दुप्पट आले."

ट्यूबचं खोकं आणायला लावलं. त्यावर बारीक अक्षरात मोमेटासोन, म्हणजे स्टिरॉइड. ही गोष्ट प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावी, गोरं करणारी म्हणून जी ट्यूब मिळते तिच्यात बऱ्याचदा हेच असतं, लालपणा दबतो, कातडी पातळ होते आणि सोडली की सगळं उसळून वर येतं. २०१८ पासून अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी गल्लीगल्लीत मिळतात. ती एकदम बंद करायची की हळूहळू, हे स्किनच्या डॉक्टरनंच ठरवायचं, म्हणून आधी तिकडं पाठवलं.

उष्णतेचं म्हणाल तर वयात येताना हार्मोन्समुळं कातडीतलं तेल वाढतं, मेलेल्या पेशींनी छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात, सूज येते, एवढाच प्रकार. बोअरच्या जड पाण्यानं चेहरा कोरडा पडतो पण पिंपल्सचं मूळ ते नाही. ब्लॅकहेड म्हणजे मळ नाही, त्यामुळं घासून निघतही नाही. डॉक्टरनं तिला साधा फेसवॉश दोनदा, सकाळी जंतू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री छिद्रं मोकळी ठेवणारं अडापालीन दिलं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, शिवाय हलकं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन.

आणि बाईसाहेबांनी दोन आठवड्यांत सगळं सोडलं. का, तर "वाढायलेत." अहो, सुरुवातीला थोडे वाढतातच! फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. आपली पोरं दर दहा दिवसाला रील बघून क्रीम बदलतात आणि म्हणतात मला काहीच लागू पडत नाही.

इथून पुढं माझं काम. मी समजूत घालत बसणारी बाई नाही, आधी वागणं बदलावं, मन मागनं येतं असं माझं सरळ मत आहे आणि इतक्या वर्षांत ते फारसं खोटं ठरलेलं नाही. तिला सांगितलं, फक्त एक कर, पिंपल फोडायला हात चेहऱ्याला गेला की त्याच्या आधी काय चाललं होतं ते लिही. पुढच्या वेळी फिजिक्सच्या वहीचं मागचं पान घेऊन आली.

"मॅडम, रविवारी जास्त आहे."

"रविवारी काय असतं?"

"टेस्ट. संध्याकाळी ग्रुपवर मार्क पडतेत. मार्क बघितले की मी सेल्फी कॅमेरा उघडते अन्..." मग बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिले, अशा वेळी बोलायचं नसतं. "मार्क काय माझ्या हातात राहिले नाहीत मॅडम. हे फोडणं तरी हातात आहे."

डोळे भरले आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच स्कार्फ सोडला. मला तिथंच कळलं की पोरीची भीती पिंपल्सची कमी आणि दुसऱ्यांदा नापास होण्याची जास्त आहे, पण ती भीती घरी बोलता येत नाही, पिंपल्सची बोलता येते. पुष्कळ पोरांचं हेच असतं बघा.

मग ठरलं की आरसा दोनदाच, क्रीम लावताना. रविवारी मार्क बघायचे ते रूममेटसोबत बसून. आणि मेसमध्ये स्कार्फ न बांधता जायचं. जायच्या आधी कोण काय म्हणेल ते लिहायला लावलं, अर्ध पान भरलं. झालं काय? मेसच्या काकू एवढंच म्हणाल्या, "तोंडाला काय झालं गं?" ही म्हणाली, "डॉक्टरचं चालूय काकू." "बरं, पोळी घे." संपला विषय.

चारेक महिन्यांनी चेहरा बराच निवळला, काळे डाग राहिलेत, ते आपल्या सावळ्या कातडीला जरा उशिरानंच जातात, त्यात उन्हात फिरलं की आणखी गडद होतात. पाळीच्या आधी एखाद-दुसरा पिंपल येतोच. आता ती मोजत नाही.

बाकी थोडं आईवडलांसाठी. पाहुण्यांसमोर "चेहरा बघा कसा करून घेतलाय" हे आधी बंद करा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याच्या त्रासाची, तपासणी करून घ्या. जिमला जाणाऱ्या पोराला प्रोटीन पावडर काय घेतो ते विचारा, काहींना त्यातल्या व्हे, म्हणजे दुधापासूनच्या प्रोटीननं, पिंपल्स वाढतात. डोक्याला तेल चोपडून कपाळापर्यंत ओघळत असेल तर तेही थांबवा. गाठीसारखे, दुखणारे फोड असतील तर घरगुती प्रयोगात महिने घालवू नका, त्यांचेच खड्डे पडतात. जास्तीच्या पिंपल्सवर देतात ती आयसोट्रेटिनॉइनची गोळी मैत्रिणीची बघून घ्यायची नाही, गर्भावर तिचा फार वाईट परिणाम होतो, ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच. पैशाची अडचण असेल तर लातूर, अंबाजोगाई, नांदेड, संभाजीनगरची घाटी, सगळीकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे. आणि पोर क्लासला जाणंच टाळायलंय, जेवत नाही, जगून काय करू असं बोलायलंय, तर तिथं क्रीमचा विषय बाजूला ठेवा, त्याच दिवशी समुपदेशकाकडं आणा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, रात्रीसुद्धा उचलतात.