मे महिन्यातल्या लग्नात, मेकअप केल्यासारखा न दिसणारा मेकअप कसा करावा?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की चुलत बहिणीचे लग्न मे महिन्यात अमळनेरला आहे, मुहूर्त दुपारचा आहे, तुमचा रंग गव्हाळ-सावळा आहे, आणि पार्लरमधून तयार होऊन आल्यावर दरवेळी चेहरा राखाडी दिसतो व तासाभरात तोंडाच्या कडेला मेकअपला भेगा पडतात. तेव्हा चेहरा नीटनेटका दिसावा पण आपलाच वाटावा, यासाठी घरच्या घरी काय करता येईल. मी जळगावात पार्लर चालवते, आणि लग्नसराईत याच दोन तक्रारी सर्वाधिक ऐकते. त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. राखाडीपणा येतो तो फाउंडेशनचा रंग चुकल्यामुळे, तर भेगा पडतात त्या आपल्या हवेमुळे आणि थरांच्या जाडीमुळे. दोन्हींवर उपाय आहे आणि तो महागड्या सामानात नाही.

आधी हवेचे पाहू, कारण तिकडे कोणी लक्षच देत नाही. मोबाइलवर मेकअपचे जे व्हिडिओ दिसतात त्यांतले बरेचसे मुंबईसारख्या दमट शहरांत किंवा वातानुकूलित खोलीत केलेले असतात. दमट हवेत घाम वाळत नाही, त्वचा तेलकट राहते, म्हणून तिथे मॅट म्हणजे चमक नसलेले फाउंडेशन, वर भरपूर पावडर आणि ती डोळ्यांखाली दहा मिनिटे तशीच ठेवण्याची पद्धत एकवेळ चालते. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. घाम येतो तो लगेच उडून जातो आणि त्वचेतला ओलावाही कमी होत जातो. अशा त्वचेवर मॅट फाउंडेशन आणि पावडरीचा थर दिला, तर हसता-बोलताना जिथे त्वचा दुमडते तिथे तो मे महिन्यातल्या काळ्या रानासारखा फाटतो. जाड बेसची, म्हणजे फाउंडेशनच्या जाड थराची पद्धत आली ती रंगमंचासाठी आणि कॅमेऱ्यासाठी. हॉलीवूडचे मेकअपकार मॅक्स फॅक्टर यांनी १९३० च्या दशकात पॅनकेक मेकअप तयार केला तो रंगीत चित्रपटांच्या प्रखर दिव्यांखाली चेहरा सारखा दिसावा म्हणून. मांडवातली मावशी तुम्हाला हातभर अंतरावरून, दुपारच्या उजेडात पाहणार आहे, आणि तिच्यासाठी पातळ थरच हवा.

म्हणून निम्मे काम फाउंडेशनच्या आधीचे आहे. सकाळी चेहरा साबणाने न धुता सौम्य फेसवॉशने धुवावा आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. नुसते पातळ जेल या हवेत पुरत नाही. त्यावर गालांना आणि तोंडाच्या कडेला थोडे क्रीमही हवे. दहा मिनिटांनी सनस्क्रीन लावावे, किमान एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० चे, आणि चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके. फाउंडेशनमध्येच एसपीएफ आहे म्हणून सनस्क्रीन वगळू नये, कारण डबीवरचा आकडा खरा ठरण्याइतके जाड फाउंडेशन आपण लावणारच नाही आहोत. सनस्क्रीन मुरायला पंधरा मिनिटे द्यावीत आणि तेवढ्या वेळात साडीच्या निऱ्या किंवा केस आवरून घ्यावेत. हा वेळ दिला नाही तर वरचे फाउंडेशन सुरकुतून त्याच्या बारीक गोळ्या निघतात. सनस्क्रीन नीट मुरले असेल तर वेगळ्या प्रायमरची, म्हणजे फाउंडेशनखाली त्वचा गुळगुळीत करायला लावतात त्या क्रीमची, गरज नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंची छिद्रे मोठी दिसत असतील, तर तेवढ्यापुरता तो चोळून लावावा.

यात एक अडचण लग्नघरातच तयार होते, ती हळदीची. नवरीला हळद लागते तेव्हा बहिणींचीही सुटका नसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गळा, जबडा आणि कपाळाची केसांलगतची कड पिवळी असते. हळदीतले करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे आदल्या रात्रीच खोबरेल तेल हलक्या हाताने चोळून कापसाने पुसून घ्यावे आणि मग फेसवॉश वापरावा. थेट साबण लावू नये. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत हळद लालसर तपकिरी होते, हे हळदीचा डाग पडलेले कपडे धुताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. चेहऱ्यावर थोडी पिवळी झाक उरलीच, तर ती घासून काढण्याच्या नादी लागू नये. घासलेल्या त्वचेवर फाउंडेशन ठिकठिकाणी धरते आणि आगही होते. त्याच कारणाने नवे फेशियल, ब्लीच किंवा कधी न वापरलेले क्रीम लग्नाच्या आठवड्यात करून पाहू नये. थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी उरकावे. औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोरेपणाच्या मलमांपासून तर दूरच राहावे. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा उजळ वाटतो आणि पुढे त्वचा पातळ होऊन उन्हात लाल पडू लागते.

आता राखाडीपणाकडे येऊ. फाउंडेशनला रंग येतो तो पिवळ्या, लाल आणि काळ्या आयर्न ऑक्साइडमुळे, आणि त्याला फिकेपणा व झाकण्याची ताकद येते ती मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे. शेड जितकी फिकी, तितके पांढरे द्रव्य जास्त. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर दोन शेड उजळ फाउंडेशन दिले की आतला तपकिरी रंग वरच्या पांढऱ्यातून डोकावतो आणि दोन्ही मिळून राखेसारखी झाक दिसते. त्यात शेड गुलाबी छटेची असली तर आणखीच. आपल्याकडे कार्य म्हटले की गोरे दिसायचे असे ठरलेलेच असते, त्यामुळे पार्लरवालीही न विचारता उजळ शेड उचलते, आणि तिला दोष द्यावा तर निम्म्या बायका तेच मागतात. तुम्ही मात्र तुमच्याच रंगाची शेड घ्या. दुकानात फाउंडेशन मनगटावर लावून पाहू नका, कारण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच जुळतो. जबड्याच्या रेषेवर, गालाकडून मानेकडे, तीन जवळजवळच्या शेडच्या पट्ट्या ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन लहान आरशात पाहा. दुकानातले पिवळे दिवे सगळ्याच शेड जुळल्यासारख्या दाखवतात. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहा, कारण काही फाउंडेशन त्वचेवर बसल्यावर थोडी गडद होतात. जी पट्टी दिसेनाशी झाली ती तुमची. गव्हाळ-सावळ्या रंगाला बहुतेक वेळा पिवळसर किंवा सोनेरी छटा जुळते. मे महिन्यात ऊन लागून चेहरा मानेपेक्षा गडद झाला असेल, तर शेड मानेकडे झुकती घ्यावी, म्हणजे दागिन्यांच्या वर मुखवटा चढवल्यासारखे दिसत नाही.

डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि ओठांभोवतीचा गडदपणा झाकण्यासाठी बहुतेक जणी उजळ कन्सीलर (डाग झाकायचे दाट क्रीम) थापतात, आणि राखाडीपणा सर्वाधिक तिथेच येतो. आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा करेक्टर घ्यावा. निळसर-तपकिरी काळेपणाला नारिंगी रंग मारतो, त्यामुळे वर फार काही लावावे लागत नाही. तो मात्र तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यावा, फक्त गडद भागावर बोटाने टिपावा आणि कडा विरवाव्यात. त्यावर तुमच्याच शेडचा कन्सीलर, तोही टिपूनच.

फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्यावर सारखे लावावे हा समज सोडून द्यावा. बहुतेकींच्या चेहऱ्याचा रंग विषम असतो तो मध्यभागी, म्हणजे नाकाभोवती, ओठांभोवती, हनुवटीवर आणि कपाळाच्या मध्यावर. फाउंडेशनचे थेंब तिथे ठेवून ओल्या आणि घट्ट पिळलेल्या स्पंजने दाबत दाबत बाहेरच्या बाजूला न्यावेत, म्हणजे कानापाशी आणि जबड्यापाशी जवळपास काहीच उरत नाही आणि तुमची स्वतःची त्वचा दिसते. स्पंज ओढायचा नाही, दाबायचा. एक हात झाला की दोन मिनिटे थांबून खिडकीपाशी पाहावे आणि जिथे डाग अजून दिसतो तिथेच कन्सीलरचा ठिपका द्यावा. चेहऱ्यावरचे तीळ आणि एखाददुसरा फिका डाग तसाच राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढे राहिले की चेहरा खरा वाटतो आणि झाकाझाकीची निम्मी मेहनत वाचते.

गालांचा रंग पावडरीच्या आधी द्यावा आणि तो क्रीमचा असावा. कोरड्या हवेत क्रीम ब्लश त्वचेत मिसळून जातो, पावडर ब्लश वर बसून राहतो. सावळ्या रंगाला फिका गुलाबी खडूसारखा दिसतो. विटकरी, गडद पीच किंवा जांभळट गुलाबी घ्यावा. वेगळा ब्लश घ्यायचा नसेल तर ओठांना लावणार असलेली क्रीमी लिपस्टिकच बोटावर घेऊन गालाच्या हाडावर टिपावी आणि कानशिलाकडे विरवावी. गाल आणि ओठ एकाच रंगात आले की चेहरा आपोआप जुळून येतो.

पावडर लागते, पण मोजक्या जागी: कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटी, आणि डोळ्यांखाली अगदी नावापुरती. ब्रशने फिरवण्याऐवजी छोट्या पफने दाबावी. फोटो काढणाऱ्याचा फ्लॅश असणारच, म्हणून एचडी नावाने मिळणाऱ्या शुभ्र पावडरीपासून सावध राहावे. त्यांत बहुधा सिलिका असते आणि ती जास्त झाली की फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे चट्टे उमटतात. घरी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहिला की हे आधीच कळते. शेवटी सेटिंग स्प्रे हातभर अंतरावरून मारावा आणि तो वाळेपर्यंत बोलू नये, हे लग्नघरात कठीण असले तरी.

डोळ्यांच्या बाबतीत फार करण्यासारखे नाही. भुवयांना पेन्सिलची सलग रेघ न ओढता जिथे केस विरळ आहेत तिथे केसासारख्या बारीक रेषा द्याव्यात आणि मग स्वच्छ स्पूलीने (मस्काऱ्याच्या कांडीसारख्या छोट्या ब्रशने) भुवया वर विंचराव्यात. पेन्सिल काळी नको, गडद तपकिरी हवी. काजळ पसरते ते त्यातल्या तेल-मेणामुळे आणि डोळ्यांखालच्या क्रीममुळे. खालच्या पापणीखाली आधी पावडरीचा हलका हात द्यावा, काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी भरावे आणि त्यावर तपकिरी आयशॅडो बारीक ब्रशने दाबावी. डोळे भरलेले दिसतात आणि लायनर लावल्याचे कळत नाही. मस्कारा वॉटरप्रूफ घ्यावा, कारण पाठवणीच्या वेळी रडू येणारच.

ओठांना सकाळीच लिप बाम लावून ठेवावा आणि लिपस्टिकच्या आधी तो पुसून टाकावा. रंग तुमच्या ओठांच्या मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा गडद असला की पुरे. फिकट न्यूड शेड सावळ्या चेहऱ्यावर आजारी दिसतात. लायनरने संपूर्ण ओठ भरून त्यावर लिपस्टिकचा हात, टिश्यूने टिपणे, आणि पुन्हा एक हात. पंगतीत वरण-बट्टी असेल तर दिवसभर टिकणारी म्हणून विकली जाणारी लिक्विड लिपस्टिकही तुपापुढे टिकत नाही, कारण तिचा पापुद्रा पाण्याला दाद देत नसला तरी तेला-तुपाने सुटतो आणि ओठांच्या मध्यभागी नेमका उडतो. साधी क्रीमी लिपस्टिक जेवणानंतर पुसून पुन्हा लावणे सोपे जाते. बट्टीवरचे तूप मात्र मेकअपसाठी नाकारू नये.

मंगल कार्यालयात मोठे कूलर असतात, आणि ते हवा दमट करतात. बाहेरून आत आल्यावर घाम वाळेनासा होतो आणि नाक-कपाळ चमकू लागते. अशा वेळी लगेच पावडर लावू नये. टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर दाबून घाम टिपावा, आणि चमक तरीही राहिली तरच पावडर. पर्समध्ये टिश्यू, लिपस्टिक, छोटा आरसा आणि कॉम्पॅक्ट एवढेच पुरे. ही पर्स उन्हातल्या गाडीत मात्र ठेवू नये, लिपस्टिक वितळते आणि सनस्क्रीनही खराब होते. श्रावणातल्या कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या वेळी हीच पद्धत वापरायची असेल, तर हवा दमट असल्याने क्रीम वगळून नुसते जेल आणि पावडर किंचित जास्त, एवढाच फरक करावा.

घरी करायला धीर होत नसेल आणि पार्लरमध्येच जायचे ठरले, तर बुकिंग करतानाच सांगा की बेस हलका हवा, शेड मानेला जुळणारी हवी आणि डोळ्यांखाली पावडर साठवून ठेवायची नाही. तुमचे स्वतःचे जुळलेले फाउंडेशन सोबत न्या आणि तेच वापरायला सांगा. यात कोणतीही शहाणी पार्लरवाली राग मानत नाही. शक्य असेल तर एप्रिलमध्येच एखाद्या दुपारी ट्रायल घ्या, तिथून तशाच उन्हातून घरी या आणि तीन-चार तासांनी खिडकीच्या उजेडात चेहऱ्याचा फोटो काढून तिला दाखवा. कुठे फाटला, कुठे चमकला हे त्या फोटोत दिसेल आणि लग्नाच्या दिवशी काय कमी करायचे ते तिला सांगता येईल.