घरीच शिकणाऱ्या ९ वर्षांच्या मुलीसाठी मराठी लेखनाचा कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

आधी एक सांगा, ती अडते कुठे? सुचत नाही म्हणून, की सुचलेलं कागदावर उतरत नाही म्हणून? दोन्हींवर औषध वेगळं आहे. परदेशी महागडे लेखन-संच लगेच मागवू नका. ते इंग्रजी वाक्यरचनेसाठी बनवलेले असतात. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला नि जोडाक्षरांना त्यांचा काही उपयोग नाही.

माझ्या मुलाचं घोडं दुसऱ्या ठिकाणी अडलं होतं. गोष्ट तोंडी सांगायचा तासभर, लिहायला बसवलं की दोन ओळींत संपली. मग तो सांगायचा, मी जसंच्या तसं उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातलीच चार वाक्यं तो वहीत लिहायचा. स्वतःचीच वाक्यं, त्यामुळे कुरकुर कमी. तीन-चार महिन्यांत मला लेखनिकाच्या नोकरीवरून काढून टाकलं!

शुद्धलेखनासाठी बालभारतीची पुस्तकं पुरेत, पीडीएफ फुकट मिळतात. रोज पाच ओळी श्रुतलेखन आणि आठवड्याला एकच नियम. उदाहरणार्थ, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, लाडू. ‘आणि’सारखे अपवाद नंतर. निबंधातली प्रत्येक चूक मात्र लाल करू नका.

परीक्षेचं म्हणाल, तर एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त शालेय शिक्षण मंडळाच्या, मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष स्तर आहेत. दहावीला किमान वय १४. म्हणजे तुमच्या हातात अजून पाच वर्षं आहेत.