खेळाची भाषा नंतर, आधी बिलावरची तारीख बघा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. कापसाचा उरलेला चुकारा हाती आला तेव्हा त्यांनी मुलासाठी एका ऑनलाइन दुकानातून निन्टेन्डो थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमचा संच घेतला. दोन खेळांसह 15,800 रुपये. जाहिरातीत ‘इंग्रजी चालेल’ असं लिहिलं होतं, आला तो जपानी. सेटिंगमध्ये भाषा बदलायचा पर्यायच नाही, आणि बाहेरून मागवलेली इंग्रजी कार्ट्रिज, म्हणजे खेळाची छोटी चकती-पट्टी, तो घेत नाही. पोरगा कोणतं चित्र कुठे येतं ते पाठ करून खेळतो. दुकानदार फोनवर म्हणत राहिला, ‘अपडेट आलं की भाषा येईल.’ आता स्वतःच भाषा बदलून घेतली तर गुन्हा होतो का, असं ते विचारतात.

भाऊ, तुमचं बिल 18 एप्रिल 2024 चं आहे आणि पत्र मार्च 2026 चं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोनच वर्षं मिळतात. म्हणजे 18 एप्रिलला मुदत संपते, आणि त्या दिवशी शनिवार आहे. ‘अपडेट येईल’ या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करून मागता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि ‘दुकानदारावर विश्वास ठेवला’ एवढ्यावर ग्राहक आयोग मानेलच असं मी सांगणार नाही. तेवीस महिन्यांत एकही लेखी तक्रार तुम्ही केली नाही, सगळं फोनवर! याचा मला खरंच राग येतो. दर महिन्याला अशी पत्रं येतात, आणि निम्म्यांची मुदत तोवर उलटून गेलेली असते.

म्हणून या आठवड्यातच तक्रार करा. दुकान मुंबईचं असो की दिल्लीचं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. जाहिरातीचं पान अजून दिसत असेल तर आजच त्याचा स्क्रीनशॉट काढा. व्हॉट्सॲपवर काही लिहून आलं असेल तर ते पुसू नका.

भाषा बदलण्याबद्दल मी ठामपणे बोलणार नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम 65अ कंपनीने सॉफ्टवेअरला घातलेलं कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण त्यात कॉपीराइटचा हक्क मोडण्याचा हेतू लागतो. स्वतः विकत घेतलेल्या यंत्राबाबत हा हेतू धरला जाईल का, हा वादाचा मुद्दा आहे. मला चिंता पुराव्याची आहे. सॉफ्टवेअरला हात लावलात की दुकानदार म्हणेल, ‘यांनीच बिघडवलं.’ दोषासाठी तपासणी लागली तर आयोग यंत्र प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिथे ते जसं आलं तसंच गेलं पाहिजे.

कायदा म्हणतो, विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. तारखा मात्र त्याहून लांबतात, आणि 15,800 रुपयांसाठी माणसाला कामधंदा सोडून खेटे घालावे लागतात हे लाजिरवाणं आहे. तरी तक्रार सोडू नका.

तोवर यंत्र पोराकडून मागून घ्या, चार्जरसकट खोक्यात घाला आणि बिल त्याच खोक्यात ठेवा. त्याला का काढून घेताय ते नीट समजावून सांगा.