वेळापत्रक तुमचं, परीक्षा तिची

नमस्कार. तुमची मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला कॉलेजात पहिली आली, पण एनक्लेक्समध्ये, म्हणजे अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवण्यासाठीच्या परीक्षेत, नापास झाली. आता तिने आयसीयूतली नोकरी सोडून वर्षभर क्लास लावावा असं तुम्हाला वाटतं, आणि क्लास कुठला, एवढंच तुम्ही विचारलंय. सोबत पहाटे 5 ते रात्री 11 चं वेळापत्रक जोडलंय. अक्षर तुमचंच. तीन पानांत मुलीचं एकही वाक्य नाही. 'आमचं नाक कापलं' हे मात्र दोनदा आहे. हे तिच्यासमोर बोलला असाल, तर आधी तिची माफी मागा. क्लासचं नंतर बघू.

पहिल्या नंबराची मुलगी नापास कशी, असं तुम्ही विचारता. कारण ही पाठांतराची परीक्षाच नाही. एप्रिल 2023 पासून तर त्यात पेशंटची आख्खी केस समोर ठेवतात आणि एकेका केसवर सहा प्रश्न विचारतात. समजा, पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट. ड्रेसिंग कोरडं आहे, पण तो अस्वस्थ आहे. नाडी 84 वरून 124 वर गेलीय, बीपी उतरतंय, तासाभरात लघवी जेमतेम 15 मिली. शॉकची, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडत असल्याची, लक्षणं तुमच्या मुलीला तोंडपाठ असणार. इथे आत रक्तस्राव होतोय की काय, ही शंका मनात यावी लागते. डॉक्टरांना बोलावताना नेमकं काय सांगायचं आणि ते येईपर्यंत सिस्टरने स्वतः काय करायचं, हे ठरवावं लागतं. आपल्याकडे पुष्कळ मुली 'डॉक्टरांना कळवा' इथेच थांबतात, कारण वॉर्डात त्यांना तेवढंच करू देतात. ही नजर पेशंटच्या उशाशी तयार होते, आणि तुम्ही तिला तिथूनच उठवायला निघालात! राजीनामा अजिबात नको.

नापास झालेल्यांना एक परफॉर्मन्स रिपोर्ट मिळतो. कुठल्या भागात आपण पासिंगच्या वर, जवळपास की खाली, ते त्यात असतं. तो तिला शांतपणे वाचू द्या. परीक्षा 45 दिवसांनी पुन्हा देता येते, त्यासाठी वर्ष घालवायची गरज नाही.

आणखी एक. पास झाली की लगेच अमेरिका, असं नसतं. नर्सेस ज्या ईबी-3, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या, ग्रीनकार्डावर जातात, त्याची भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे. त्या भरवशावर घराचं कर्ज काढू नका.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, नाइट ड्यूटीनंतर झोप झाल्यावर. अमेरिकेला जायचंय की नाही, एवढी एकच ओळ असली तरी चालेल.