सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी किती कर्ज पेलेल?

कराडच्या एका वाचक विद्यार्थिनीने विचारले आहे की, बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र) पूर्ण होताच एका खाजगी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एम.पी.एच.ला, प्रवेश घ्यावा का. शुल्क आणि वसतिगृह मिळून दोन वर्षांचा खर्च १२ लाख रुपये आहे. साखर कारखान्यात नोकरी करणारे वडील भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढायला तयार आहेत, आईने दागिने गहाण ठेवायची तयारी दाखवली आहे आणि बँक कर्ज द्यायलाही राजी आहे. वडिलांच्या निवृत्तीला पाच वर्षे उरली आहेत. एक वर्ष थांबले तर ते वाया जाईल, असे घरच्यांना वाटते.

ताई, हे क्षेत्र तुम्ही विचारपूर्वक निवडले आहे, हे तुमच्या पत्रातून दिसते. गावातल्या अंगणवाडीत केलेल्या कामाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचून तुम्ही या कामात टिकाल असे मला वाटते. म्हणूनच पहिल्या दहा वर्षांत कर्जाच्या हप्त्यामुळे तुम्हाला हे क्षेत्र सोडावे लागू नये, ही माझी मुख्य काळजी आहे.

आधी १२ लाखांचा हिशेब पाहू. व्याजदर १० टक्के धरला, दोन वर्षांत सहा-सहा लाख उचलले आणि अभ्यासक्रमानंतर आणखी एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत घेतली, तर सरळ व्याजाने हप्ता सुरू होईपर्यंत सुमारे ३ लाख रुपये व्याज साठते. मग १५ लाखांवर दहा वर्षांसाठी महिना साधारण १९,८०० रुपये हप्ता बसतो. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता १६,१०० पर्यंत उतरतो, पण एकूण परतफेड २९ लाखांच्या घरात जाते. हप्ता सुरू होईपर्यंत व्याज भरत राहिल्यास पुढचा हप्ता १५,९०० च्या आसपास राहतो. मात्र त्यासाठी पहिल्या वर्षी महिना ५,००० आणि नंतरची दोन वर्षे महिना १०,००० रुपये घरातून निघावे लागतील.

आता उत्पन्नाची बाजू. डॉक्टर नसलेल्या एम.पी.एच. पदवीधराला सुरुवातीला हातात ३०,००० रुपये मिळतील असे सावधपणे गृहीत धरू. यातून पुण्यात किंवा मुंबईत राहण्याजेवणाचा खर्च भागवायचा आणि १९,८०० चा हप्ताही भरायचा, हे जमणारे नाही. शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुतांश पदे कंत्राटी असतात आणि आपल्याकडे अकरा महिन्यांच्या नेमणुका सर्वांच्या परिचयाच्या आहेत. नेमणूक लांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. काही पदांना एम.पी.एच.बरोबर वैद्यकीय पदवीही लागते. म्हणून विद्यापीठाच्या माहितीपत्रकापेक्षा गेल्या वर्षभरातील जिल्हा परिषदांच्या आणि संस्थांच्या वीस-पंचवीस जाहिराती वाचा. त्यांपैकी किती ठिकाणी तुमची पात्रता बसते आणि मानधन किती आहे, हे वहीत उतरवून काढा. प्रवेशाच्या निर्णयासाठी याहून उपयोगी अभ्यास मला दिसत नाही.

हप्ता हातातल्या पगाराच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे मी धरतो. ३०,००० च्या पगारावर ही मर्यादा ९,००० रुपये होते. वरच्याच अटींनी हिशेब केला तर मूळ कर्ज ५ ते साडेपाच लाखांच्या वर जाता कामा नये.

वडिलांच्या निधीला हात लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते, त्यामुळे कर्जाचे १० टक्के वाचवण्यासाठी तो मोडण्यात वरवर थोडा लाभ दिसतो. पण १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजले जाणारे त्यांचे निवृत्तिवेतन बहुधा महिना साडेसात हजारांच्या पुढे जाणार नाही. आईवडिलांच्या म्हातारपणाचा खरा आधार हा निधीच आहे आणि पाच वर्षांत तो पुन्हा उभा राहणार नाही. शिक्षणासाठी कर्ज मिळते. निवृत्तीनंतरच्या घरखर्चासाठी कोणती बँक कर्ज देणार? दागिन्यांवरचे कर्जही येथे गैरसोयीचे आहे, कारण त्याची मुदत बहुधा वर्षभराची असते आणि तुमची कमाई किमान दोन वर्षांनी सुरू होणार आहे.

माझा सल्ला असा की, एक वर्ष काम करावे आणि त्याच वर्षात सरकारी किंवा अनुदानित संस्थांच्या प्रवेशाची तयारी करावी. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, जिथल्या एम.पी.एच.चा मार्ग सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेतून जातो. तिच्या शेजारीच १९५६ पासूनची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते आणि आकडेवारीची आवड असेल तर तिचे अभ्यासक्रम एम.पी.एच.ला चांगला पर्याय ठरतात. कोलकात्याची १९३२ मधील अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्र यांच्याही पात्रतेच्या अटी नीट पाहा.

कामासाठी सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांकडे अर्ज करता येईल. आपल्या राज्यात ग्रामीण आरोग्याची मोठी परंपरा आहे: आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेला प्रकल्प आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था. अशा ठिकाणी काही महिने काढल्यावर आपल्याला गावपातळीवरचे काम आवडते की विदा-विश्लेषण (आकडेवारीचा अभ्यास), हे कळते आणि मग विषयही अचूक निवडता येतो.

हे वर्ष वाया जाते का, याचेही उत्तर आकड्यांत देतो. समजा, या वर्षी तुम्ही महिना १८,००० कमावले. एम.पी.एच.नंतरची ३०,००० ची कमाई एक वर्ष पुढे गेली, म्हणजे फरक १ लाख ४४ हजारांचा. उलट, अनुदानित संस्थेमुळे कर्ज १२ लाखांवरून ५ लाखांवर आले, तर नुसत्या मुद्दलात ७ लाख वाचतात. घरी राहून काम मिळाले तर दरमहा ८,००० चे आवर्ती ठेव खाते उघडा. वर्षाअखेरीस जमणारे लाखभर रुपये प्रवेशाच्या वेळी कामी येतील.

कर्ज घेताना 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत संस्थेचे नाव आहे का, ते पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते, मात्र लाभार्थींची संख्या दरवर्षी मर्यादित असते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. सुरुवातीच्या पगारावर तिचा तुम्हाला विशेष उपयोग नाही, तेव्हा ती हिशेबात धरू नका.

वर्षभरानंतरही खाजगी विद्यापीठाचाच पर्याय उरला, तर तीन गोष्टी लेखी मागा: मागील दोन तुकड्यांतील वैद्यकीय पदवी नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नेमणुका, त्यांचे प्रत्यक्ष मानधन आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याचे नियम. पहिली दोन उत्तरे मिळाली नाहीत, तर कर्जाच्या कागदांवर सही करू नका.